पोर्ट बदलून बघ

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून बघा, "माझं साउंडकार्ड मध्येच करकरतंय." तीन मिनिटांत पहिलं उत्तर येईल, "पोर्ट बदलून बघ." उत्तर देणाऱ्याने लॅपटॉप कुठला ते विचारलेलं नसतं, साउंडकार्ड कुठल्या कंपनीचं तेही नाही. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा या उपायाने खरंच काम होतं. डावीकडच्या पोर्टात कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, उजवीकडच्यात तोच माइक, तीच वायर आणि लख्ख आवाज.

मी पॉडकास्ट आणि ऑडिओबुक एडिट करते. हा सल्ला मी शेकडो वेळा ऐकलाय आणि तितक्याच वेळा दिलाय. तरी एक गोष्ट डोक्यात घोळत राहायची. यूएसबीतला 'यू' म्हणजे युनिव्हर्सल. कुठलीही वस्तू कुठल्याही भोकात खुपसा, चाललीच पाहिजे, असा नावातच वायदा आहे. माउसच्या बाबतीत तो पाळला जातो, पेनड्राइव्हच्या बाबतीत पाळला जातो. आवाजाचं घोडं कुठे पेंड खातं?

आधी एक खुलासा. आपण ज्याला सर्रास 'साउंडकार्ड' म्हणतो, तो माइक आणि गिटार लावायचा छोटा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. आवाजाची लहर दर सेकंदाला हजारो वेळा मोजायची, ते आकडे कॉम्प्युटरला द्यायचे आणि उलट्या दिशेने येणाऱ्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनमध्ये सोडायचा, एवढं त्याचं काम. ते आकडे यूएसबीच्या वायरीतून जातात. करकर तिथेच कुठेतरी जन्माला येते.

१९९० च्या दशकातल्या पीसीची मागची बाजू ज्यांनी पाहिली आहे त्यांना यूएसबी का आलं हे सांगावं लागणार नाही. कीबोर्डला एक गोल भोक, माउसला दुसरं, प्रिंटरला हातभर रुंद पोर्ट, मोडेमला सिरियल. संगीतवाल्यांची तऱ्हा तर औरच. त्यांचा मिडी कीबोर्ड साउंडकार्डावरच्या जॉयस्टिकच्या पोर्टाला जोडावा लागे, म्हणजे विमान पाडायचा खेळ आणि भूपाळीची चाल एकाच भोकातून. १९९४ मध्ये कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या. इंटेलच्या गटाचं काम पाहणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली.

त्या सात नावांत नॉर्टेल ही टेलिफोनच्या यंत्रणा बनवणारी कंपनी आहे, हे लक्षात घ्या. पीसीला टेलिफोन जोडता यावा हा यूएसबीच्या मूळ उद्देशांपैकी एक होता. म्हणजे आवाज हा यूएसबीच्या घरी नंतर आलेला पाहुणा नाही, तो पहिल्या पंगतीला होता. फक्त तेव्हा पानात वाढलेला आवाज टेलिफोनचा होता, स्टुडिओचा नव्हे.

टेलिफोनमुळेच यूएसबीत सामान पाठवायच्या पद्धती वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. फाइल पाठवायची पद्धत रजिस्टर पोस्टासारखी आहे. पोचपावती येते, पाकीट फाटलं तर पुन्हा पाठवतात, उशीर झाला तरी चालतो. आवाजाची पद्धत लोकलसारखी. तिचं नाव आयसोक्रोनस. गाडीत जागा राखीव, वेळ ठरलेली, पण फलाटावर जे राहिलं ते राहिलं. गाडी परत येत नाही आणि पावतीही कुणी देत नाही. बोलण्याच्या बाबतीत हा निर्णय शहाणपणाचाच होता, कारण दोन सेकंद उशिरा आलेला शब्द घेऊन करायचं काय? पण त्याची किंमतही तिथेच ठरली. एखादं पाकीट बिघडलं की तेवढा आवाज कायमचा गेला. कानाला तो 'टिक' असा ऐकू येतो.

शिवाय यूएसबीचा कारभार जुन्या शाळेतल्या वर्गासारखा आहे. पोरांनी आपणहून बोलायचं नाही. मास्तर, म्हणजे कॉम्प्युटर, दर मिलिसेकंदाला हजेरी घेणार आणि नाव पुकारल्यावरच ज्याने त्याने आपले आकडे द्यायचे. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, तेव्हा एका हजेरीत बरोबर ८ आकडे बसतात. ४८,००० वेळा मोजला तर ४८. पण सीडीचा आवाज मोजला जातो ४४,१०० वेळा. हा विचित्र आकडा व्हिडिओटेपची देणगी आहे. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओच्याच टेपवर साठवत, आणि तिच्या रेषांच्या हिशेबात हा आकडा चपखल बसत असे. यूएसबीच्या हिशेबात तो बसत नाही. एका मिलिसेकंदात ४४.१ आकडे कसे पाठवणार? मग नऊ हजेऱ्यांना ४४ आणि दहावीला ४५, असा अधिक महिन्यासारखा तोडगा काढावा लागतो.

आता खरा पेच. मिलिसेकंद कुणाचा? कॉम्प्युटरच्या घड्याळातला की डब्यातल्या? दोन्हीकडे क्वार्ट्झचे स्फटिक असतात आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत जुळत नाहीत. गवई आणि तबलजी यांच्यापैकी लय कुणी धरायची, हे बैठकीआधी ठरलेलं असतं. इथे स्वस्तातले डबे कॉम्प्युटरच्या लयीमागे फरफटत जातात. चांगले डबे लय स्वतः धरतात आणि कॉम्प्युटरला सांगत राहतात, जरा जास्त पाठव, जरा कमी पाठव. हे सांगणं ऐकायला मास्तर हजर असला पाहिजे, नाहीतर सम हुकलीच.

मास्तरच दोन तऱ्हांचे निघाले, आणि आपल्या सल्ल्याची मुळं मला इथे दिसतात. पोर्टाच्या आत जी चिप हजेरी घेते तिला होस्ट कंट्रोलर म्हणतात. पोर्टाचा आकार सगळ्यांनी मिळून एकच ठरवला, पण ही चिप कशी चालेल याबद्दल दोन पंथ झाले. इंटेलचा यूएचसीआय, ज्यात चिप साधी आणि बरंचसं काम प्रोसेसरच्या गळ्यात. कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमिकंडक्टर यांचा ओएचसीआय, ज्यात चिप हुशार आणि प्रोसेसर मोकळा. बाहेरून भोक तेच. माउसला फरक कळत नाही. पण प्रोसेसर दुसऱ्या कुठल्या कामात गुंतला असेल तर पहिल्या पंथात हजेरीची तयारी लांबण्याची धास्ती जास्त.

१९९८ साली दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ ला यूएसबी स्कॅनर जोडला आणि पडदा निळा पडला, हे बहुतेकांना माहीत असतं. ऑगस्टमध्ये आलेल्या आयमॅकची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ॲपलने त्यातून जुने पोर्ट काढूनच टाकले आणि यूएसबी ठेवलं. त्यामुळे वस्तू बनवणाऱ्यांना यूएसबीकडे वळण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये आवाजाच्या उपकरणांसाठीचा सामायिक नियमही आला. त्याला क्लास म्हणतात. या नियमाने चालणाऱ्या डब्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लावला की सुरू.

मग डबे येऊ लागले. २००२ च्या डिजिडिझाइनच्या एमबॉक्समुळे प्रो टूल्स हे स्टुडिओचं सॉफ्टवेअर कॉलेजच्या पोरांच्या खोलीत पोचलं. त्यात दोनच चॅनेल आत आणि दोन बाहेर, कमाल ४८,००० वेळा मोजणी. कंजूसपणा नव्हता तो, हिशेब होता. त्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे एका मिलिसेकंदात १,५०० बाइट. त्यातला जास्तीत जास्त ९० टक्के भाग वेळेच्या पक्क्या गाड्यांना राखून ठेवता येई. २४ बिटचे दोन चॅनेल आत आणि दोन बाहेर धरले तर ५७६ बाइट लागतात. चॅनेल दुप्पट केले की १,१५२. त्यात शेजारच्या पोर्टात वेबकॅम लावलात तर दोघे एकाच शिदोरीवर तुटून पडणार, कारण इंटेलच्या त्या काळातल्या चिपसेटमध्ये एकेका कंट्रोलरकडे दोन-दोन पोर्ट असत. वेबकॅम आणि साउंडकार्ड एकाच जोडीत असतील तर करकर. साउंडकार्ड पलीकडच्या जोडीत नेलं तर शांतता. "पोर्ट बदलून बघ" म्हणणारा माणूस नकळत सांगत होता की कंट्रोलर बदलून बघ.

या काळात जाणकार लोक यूएसबीला नाकं मुरडत. ते फायरवायरवाले. ॲपलने पुढे रेटलेलं हे तंत्र १९९५ मध्ये प्रमाणित झालं होतं. त्यात मास्तर-पोरं असा भेद नव्हता, उपकरणं आपसांत बोलू शकत आणि प्रोसेसरला फारसा त्रास देत नसत. २००१ मध्ये मोटू कंपनीचा ८२८ हा डबा आल्यावर लॅपटॉपवर अख्खा बँड रेकॉर्ड करता येऊ लागला. पण तिथेही आतल्या चिपचं गुपित होतंच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलाच पोर्ट घ्या, असं डबे बनवणाऱ्या कंपन्याच सांगत. माझ्या एका मित्राने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सात दुकानं पालथी घातली होती, कार्डावरच्या चिपची अक्षरं वाचायला भिंग घेऊन. दुकानदारांना तो सोनं तपासायला आलाय असं वाटलं असणार. उत्तम असूनही फायरवायर हरलं. ॲपलने सुरुवातीला पोर्टामागे एक डॉलर मागितला, नंतर तो कमी केला, पण तोवर यूएसबी सगळीकडे शिरलेलं होतं. ऑक्टोबर २००८ च्या नव्या मॅकबुकमधून खुद्द ॲपलनेच ते काढलं.

यूएसबी २.० एप्रिल २००० मध्ये आलं. वेग ४८० मेगाबिट झाला आणि हजेरी मिलिसेकंदाला एकदाऐवजी आठदा होऊ लागली. जुन्या १२ मेगाबिटच्या वेगाचं नाव होतं 'फुल स्पीड', म्हणून नव्याला 'हाय स्पीड' म्हणावं लागलं. फुलपेक्षा हाय जास्त कसं, हे विचारू नका. आवाजापुरती वेगाची गरज इथे भागली. एका बैठकीत अठरा माइक रेकॉर्ड करायलाही ४८० मेगाबिट पुरून उरतात. इथून पुढची भांडणं वेगाची नाहीतच.

ती आहेत ड्रायव्हरची. नव्या वेगासाठी आवाजाचा नवा नियम, ऑडिओ क्लास २, हवा होता. तो २००६ मध्ये आला. मॅक आणि लिनक्स यांनी २०१० च्या सुमाराला तो आत्मसात केला. विंडोजमध्ये तो आला २०१७ मध्ये. मधली अकरा वर्षं विंडोजवर चालणारा प्रत्येक चांगला डबा त्याच्या कंपनीने लिहिलेल्या खास ड्रायव्हरवर जगला. आता त्या कंपनीच्या बाजूने बघा. डबा एकदाच विकला जातो, ड्रायव्हर मात्र विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा लिहायचा. जुन्या गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे मिळत नाहीत. उलट जुना डबा बंद पडला तर नवा खपतो. ६४-बिट विंडोज व्हिस्टाने सही नसलेले ड्रायव्हर नाकारायला सुरुवात केली तेव्हा कितीतरी धडधाकट डबे एका रात्रीत अनाथ झाले. दिवा लागतो, माइकला वीज मिळते, आतला एकही भाग जळलेला नाही, आणि तरी कॉम्प्युटर ओळख दाखवत नाही.

माझ्या कपाटात असे तीन आहेत. कुणीतरी "बघ, चालला तर ठेव" म्हणून दिलेले. भंगारवाला त्यांचं वजन करतो, कारण त्याच्या लेखी ते पत्रा आणि तांबं. दोन तर घेतले तेव्हा एखाद्याचा महिन्याचा पगार गेला असेल इतके महाग. त्यांच्याच शेजारी बेहरिंगरचा यूसीए२०२ पडलेला असतो. हा १६ बिटचा, माइकची सोयही नसलेला, अगदी स्वस्तातला डबा. तो १९९८ चा सामायिक नियम मुकाट्याने पाळतो, म्हणून आजच्या लॅपटॉपलाही लावला की सुरू होतो आणि अडॅप्टर लावून माझ्या फोनवरसुद्धा चालतो. घेताना मी आता सर्वांत आधी हेच बघते की डबा 'क्लास कंप्लायंट' आहे का. बाकी सगळं नंतर.

निळे पोर्ट आले तेव्हा वाटलं होतं की आता सुटलो. यूएसबी ३.० नोव्हेंबर २००८ चं. त्याच्या पोर्टात जुन्या चार पिनांमागे नव्या पाच पिना असतात. जुना डबा लावला की आकडे जुन्याच तारांतून जातात, म्हणजे कागदावर काहीच बदलत नाही. पण त्या तारांच्या टोकाला बसलेला मास्तर बदलला होता. नवा कंट्रोलर एक्सएचसीआय. सुरुवातीला तो रेनेसास, एएसमीडिया, एट्रॉन अशा वेगवेगळ्या कंपन्यांकडून येई, प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा, कारण विंडोज ७ ला यूएसबी ३ स्वतःहून कळतच नव्हतं. म्हणून त्या वर्षांत आपल्या सल्ल्याला शेपूट जोडलं गेलं, "निळा सोडून काळ्या पोर्टात लाव." तोही बरोबर होता. काळ्यामागे अजून जुना, मुरलेला मास्तर होता. २०१५ मध्ये इंटेलने स्कायलेकच्या चिपसेटमधून तो जुना कंट्रोलर काढला आणि काळे पोर्टही नव्याच्या हाताखाली गेले. रंग उरला, अर्थ गेला. त्या मशिनांवर विंडोज ७ ची डीव्हीडी टाकली तर ती यूएसबीचा साधा माउससुद्धा ओळखत नसे.

पुढची प्रकरणं तर आणखी अजब. २०१८ च्या मॅकबुक आणि मॅक मिनीवर चांगले महागडे इंटरफेस मध्येच आवाज गाळू लागले. तारीख-वेळ आपोआप लावण्याची सोय बंद केली की त्रास कमी होतो, असं वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं. मार्च २०१९ च्या अपडेटमध्ये ॲपलने यूएसबी आवाजाची सुधारणा जाहीर केली. २०२१ मध्ये एएमडीच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी उपकरणं मधूनच तुटू लागली. कंपनीने फेब्रुवारीत ते मान्य केलं आणि वसंतात मदरबोर्डच्या फर्मवेअरमधून दुरुस्ती दिली. दोन्ही वेळा डबा निर्दोष होता, आणि दोन्ही वेळा कित्येकांनी आधी डब्यालाच बोल लावला.

गाळलेला आवाज म्हणजे नेमकं काय जातं, ते सांगते. ढोलकीच्या साथीत आयुष्य काढलेल्या एका कलावंताची मुलाखत आम्ही त्यांच्या घरी रेकॉर्ड केली. दुसऱ्याचा लॅपटॉप, नवा कोरा, आणि वीज वाचवण्याच्या नादात यूएसबीला अधूनमधून डुलकी घ्यायला लावणारा. ती सवय सेटिंगमधून बंद केल्यावरही जात नव्हती, हे कंपनीच्या पुढच्या अपडेटनंतर कळलं. तासाभरात अकरा 'टिक' आल्या. दहा निस्तरता आल्या. अकरावी नेमकी त्यांनी आपल्या गुरूंच्या गावाचं नाव घेतलं तिथे पडली. तीन अक्षरांच्या नावातलं मधलं अक्षर नाहीसं. फाइलमध्ये ते कुठेच नव्हतं, कारण त्या गाडीची पावती कुणी ठेवतच नाही. मी त्यांना फोन केला, त्यांनी हसून पुन्हा सांगितलं आणि तेच वाक्य एपिसोडात बसवलं. सगळी मुलाखत समोर बसल्यासारखी ऐकू येते, आणि गावाचं नाव तेवढं टेलिफोनच्या आवाजात.

तुमच्यापैकी बहुतेकजण हे फोनवर वाचत असाल, तेव्हा आता फोनकडे वळू. २०१४ मध्ये टाइप-सीचा नियम ठरला. उलटसुलट कसंही घाला, एकच भोक. पण या भोकामागे काय आहे हे बाहेरून पूर्वी जितकं कळायचं तितकंही आता कळत नाही. आयफोन १५ आणि १५ प्रो यांचे पोर्ट शेजारी ठेवा, तसूभर फरक दिसणार नाही. पहिल्यात यूएसबी २ चा वेग, दुसऱ्यात ३ चा. इयरफोनची गोल पिन फोनांतून गेल्यावर जे चिमुकले डाँगल विकले जाऊ लागले, त्यांचेही दोन पंथ. एकात चिप असते, म्हणजे तो छोटासा ऑडिओ इंटरफेसच. दुसऱ्यात नुसत्या तारा, आवाज फोननेच तयार करून द्यायचा. काही फोन तसा आवाज देतात, काही देत नाहीत. दुकानात दोन्ही डाँगल एकाच रंगाच्या पाकिटात टांगलेले.

टाइप-सीत कोण काय आहे हे कळावं म्हणून दोन पिनांवर रोधक असतात, ५.१ किलोओहमचे, किंमत अगदी किरकोळ. स्वस्त डब्यांमध्ये तेच गाळलेले असतात. मग डबा लॅपटॉपच्या जुन्या चौकोनी पोर्टातून येणाऱ्या वायरीवर चालतो, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीवर त्यात वीजच येत नाही. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये दोन्ही पिनांना मिळून एकच रोधक लावला गेला होता. काही चांगल्या, आतून चिप असलेल्या वायरींनी जोडल्यावर चार्जरला ते कॉम्प्युटर आहे असं न वाटता इयरफोनचा अडॅप्टर वाटे, आणि तो वीज द्यायचं नाकारी. साधी, बिनचिपची वायर लावली की चाले.

गेल्या महिन्यात एका मुलीने आमच्या ग्रुपवर लिहिलं की तिचा माइक फोनला लावला की ओळखला जात नाही. सवयीने कुणीतरी लिहिलं, "पोर्ट बदलून बघ." तिने फोनच्या खालच्या बाजूचा फोटो टाकला. भोक एकच. जरा वेळाने दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, "केबल बदलून बघ." बदलली. चाललं.